बांते सरांचे चार मथळे

गेल्या काही वर्षांत आमच्या कॉलेजातून बाहेर पडलेला कुणीही मुलगा तुमसरच्या बाजारात गाठा आणि त्याला काहीही विचारा. पावसाचं विचारा, मोबाइलचं विचारा, तांदळाच्या भावाचं विचारा. तो आधी घसा साफ करील, दोन्ही हात पाठीमागे नेईल आणि म्हणेल, "आजच्या धकाधकीच्या जीवनात..." ही सगळी बांते सरांची कृपा. सर निवृत्त होऊन सुखात आहेत, प्रकृती उत्तम आहे, आणि त्यांनी घडवलेली पिढी गावभर बोलत हिंडते आहे.

सरांचा मूळ विषय सहकार. तो शिकायला येणारी मुलं वर्षागणिक आटत गेली आणि शेवटी वर्गात सर आणि पंखा एवढेच उरले. तासिका भरत नसल्या की आमच्याकडे माणसाची झोप उडते, कारण नोकरी तासिकांवर उभी असते. सरांचीही उडाली असावी. पण त्यांच्या नशिबानं नवा अभ्यासक्रम आला. मुलानं मुख्य विषय, म्हणजे आताच्या भाषेत मेजर, कोणताही घेवो, रसायनशास्त्र घेवो की इतिहास, पहिली दोन वर्षं त्यानं काही सामाईक पेपर शिकायचेच: पर्यावरण, मूल्यशिक्षण, संवादकौशल्य, आपला वारसा. मुलानं आधी नीट बघायला शिकावं, प्रश्न विचारायला शिकावं, चार ओळी स्वच्छ लिहायला शिकावं, आणि मग मुख्य विषयात उतरावं, अशी ती कल्पना. वाईट नव्हती. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि मला तर ती मनापासून आवडली होती.

प्राचार्यांनी बैठकीत विचारलं, हे पेपर कोण घेईल. ज्यांना शिकवता येत होतं त्या सगळ्यांनी आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घातलं. बांते सरांनी हात वर केला. प्राचार्यांचा चेहरा असा उजळला, की जणू न बोलावताच कुणी येऊन गळका नळ दुरुस्त करून दिला. ज्या पेपरांनी सगळ्या विषयांचा पाया घालायचा होता, ते अशा रीतीनं कॉलेजातल्या एकमेव रिकाम्या माणसाकडे गेले. त्या दिवशी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

"पाया पक्का पाहिजे," हे सरांचं आवडतं वाक्य. ते म्हणताना ते टेबलावर मूठ आपटत, आणि टेबलाचा एक पाय आखूड असल्यामुळे ते हलत असे. शर्टाच्या खिशात रंगीत खडूंची डबी. फळ्यावर ते फक्त चार शब्द लिहीत: प्रस्तावना, महत्त्व, फायदे, समारोप. प्रत्येक शब्दाला वेगळ्या रंगाची चौकट. त्या चौकटी आखायला निम्मा तास जाई, आणि त्या पुसायला मुलांमध्ये चढाओढ लागे. या चार मथळ्यांत जगातला कुठलाही प्रश्न बसतो, असा सरांचा सिद्धांत होता. ओझोनचा थर बसतो, स्त्रीपुरुष समानता बसते, आंबागडचा किल्लाही बसतो. किल्ल्याचे फायदे काय, असं मी एकदा विचारलं होतं. सरांनी सांगितले.

सरांच्या दोन भाषा होत्या. वर्गात ते छापील बोलत; "अविभाज्य घटक", "काळाची गरज", "अनन्यसाधारण" असे शब्द त्यांच्या तोंडून पाणी सोडल्यासारखे येत. स्टाफरूममध्ये आले की गळ्यातला रुमाल काढत, चालू असलेल्या एकमेव पंख्याखालची खुर्ची धरत आणि घरच्या बोलीत बोलू लागत. काही विचारलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कितीक मार्काचा हाये?" शिपायानं चहा आणू का म्हटलं तरी एखाद वेळी तेच तोंडातून निघे.

माणूस म्हणून सर वाईट होते, असं त्यांचा शत्रूही म्हणणार नाही, आणि त्यांना शत्रू नव्हतेच. ते कधी कुणावर ओरडले नाहीत. मुलांच्या वडिलांची नावं त्यांना पाठ असत. कुणाच्या बहिणीच्या लग्नाला जाऊन ते पंगतीत वाढायलाही उभे राहत. मुलं त्यांच्यावर जीव टाकत. हाच सगळा घोटाळा होता. त्रासदायक माणसापासून लोक निदान सावध राहतात. बांते सरांपासून सावध राहायचं कुणाला सुचलंच नाही.

त्यांच्या पद्धतीचं सामर्थ्य मला कळलं ते आमच्या ग्रंथपालांच्या शोकसभेत. ग्रंथपाल बिचारे पुस्तकांना बायंडिंग करता करता म्हातारे झालेले. त्यांची पत्नी आणि मुलगा पुढच्या रांगेत बसलेले. बोलायला अर्थातच बांते सर. "मृत्यू हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक आहे," इथून प्रस्तावना झाली. मग दिवंगतांचं महत्त्व झालं. सर बोलता बोलता एकेक बोट मिटत होते. तिसरं बोट मिटलं आणि सर थांबले. सभागृहही थांबलं. सर त्या बोटाकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "फायदे आपण वेळेअभावी वगळू," आणि समारोपाकडे वळले. ग्रंथपालांच्या पत्नीनं पदर डोळ्यांना लावला. बाहेर पडताना प्राचार्य मला म्हणाले, बांते सर वेळेचं भान ठेवून किती सुंदर बोलले.

पर्यावरणाच्या पेपरात एक क्षेत्रभेट असते. सर मुलांना गावाबाहेरच्या तलावावर घेऊन गेले, आणि मुलींबरोबर कुणीतरी बाई हवी म्हणून मला जावं लागलं. सर पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, करंजाच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसले. मुलांनी फोटो काढले. एक मुलगी तेवढी पाण्याच्या कडेला उकिडवी बसून बघत होती. ती रोशनी. आंबागडची, किल्ल्याच्या पायथ्याशी घर, वडील धान पेरायचे आणि उरलेले दिवस जंगलाच्या कामाला जायचे. येताना ऑटोत ती मला म्हणाली होती, "मले नागपूरले एमएस्सी करायची हाये मॅडम, बॉटनीतच. बाबा म्हणते, तुहे मार्क पाहून ठरवू." त्यांच्या गावातली कुणी मुलगी शिकायला एवढ्या लांब गेली नव्हती. तिचं जाणं न जाणं सगळं त्या मार्कांवर होतं, आणि हे ती अगदी सरळ, बाजारहाट सांगावा तसं सांगत होती.

ती सतरंजीपाशी आली. "सर, हे पाणी असं हिरवं काहून झालं जी? मागच्या साली असं नव्हतं."

"कितीक मार्काचा प्रश्न हाये हा?"

"मार्काचा नाही जी. असाच."

"मंग असाच राहू दे," सर मायेनं म्हणाले. "हा तुह्या मेजरचा प्रश्न हाये. तिकडं गेल्यावर शिकवतीन. इथं आपण पाया घालून राहिलो."

आठवड्यानं मुलांनी अहवाल दिले. सगळ्यांनी तलावाचं महत्त्व आणि फायदे लिहिले. रोशनीनं पाणी हिरवं का झालं असेल यावर स्वतःच्या डोक्यानं पानभर लिहिलं: वरच्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या शेतांतून, खत वाहून येतं, गाळ काढलेला नाही, पाऊस उशिरा आला. सगळ्यात कमी गुण तिला मिळाले. सरांनी तिला जवळ बसवून समजावलं, रागावले मुळीच नाहीत. पुढच्या परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मिळाले आणि मूल्यशिक्षणाचं पहिलं बक्षीसही. बक्षीस देताना सरांनी मूठ आपटली आणि माइक घुमला.

दोन वर्षांनी ही सगळी पक्क्या पायाची मुलं माझ्या वर्गात आली. पहिल्याच चाचणीत मी मुळाची रचना आकृतीसह विचारली. "मूळ हे वनस्पतीच्या जीवनातील अनन्यसाधारण अंग आहे," असं बहुतेक सगळ्यांनी लिहिलं. आकृती कुणी काढली नव्हती, पण मुळाचे फायदे झकास होते. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक सांगत, त्यांच्याकडे "आजच्या धकाधकीच्या जीवनात लोलक" असं सुरू झालेलं उत्तर आलं होतं. आम्ही हसलो. मग हसणं ओसरलं, कारण पेपर तपासायचे होते.

रोशनीचंही तेच. तिच्या उत्तराची पहिली पाच-सहा वाक्यं मी लाल रेघेनं उडवत असे, तेव्हा कुठे खाली ती स्वतः सापडे, आणि ती सापडली की उत्तर चांगलं असे. मी तिला सांगितलं, एकदम मुद्द्याला हात घालत जा. तिनं घाबरून विचारलं,

"मॅडम, प्रस्तावना नाही लिहिली तं मार्क नाही कटत का?"

त्या दिवशी मी तावातावानं स्टाफरूममध्ये गेले. बांते सर पंख्याखाली बसून बडीशेप खात होते. मी म्हटलं, "सर, तुमच्या मुलांना एक गोष्ट धड सांगता येत नाही. मुळाला टोपी असते हे सांगायच्या आधी ती मानवजातीच्या उगमापासून येतात."

सरांनी बडीशेपेची डबी पुढे केली. "तुमी उगाच टेन्शन घेऊन राहिल्या मॅडम. मले एक सांगा, माह्या हाताखालून गेलेलं एक तरी पोट्टं पेपर कोरा ठेवून आलं का? पह्यले पोट्टे कोरे पेपर देत. आता माह्या पोट्ट्याले काहीच येत नसलं तरी तो पुरवणी मांगते. ही तयारी नाही तं काय हाये?"

एवढा प्रामाणिक माणूस मी पाहिलेला नाही. आमच्या नव्या अभ्यासक्रमाबद्दल जे जे जाड अहवाल निघाले असतील, त्यांतल्या एकातही हे वाक्य नसणार, आणि खरं तेवढं तेच होतं. सर ते मोठ्या अभिमानानं बोलले होते. बाजूला बसलेल्या दोघातिघांनी माना डोलावल्या, आणि सामाईक पेपरांचा निकाल शंभर टक्के लागल्याचा फलक त्याच आठवड्यात फाटकावर लागला.

रोशनीनं शेवटच्या वर्षाचा प्रकल्प स्वतःच निवडला: धानावरची गादमाशी. ही माशी डासाएवढी. तिची अळी धानाच्या फुटव्यात शिरते, मग पानाऐवजी तिथून पांढरट पोकळ पोंगा निघतो, कांद्याच्या पातीसारखा, आणि त्या फुटव्याला लोंबी येत नाही. आंबागडच्या बांध्यांत ती पावसाळाभर चिखलात उभी राहून बघत होती. कुठल्या वाणावर जास्त, कुठे कमी, उशिरा रोवलेल्या बांधीत काय होतं. मी तिच्याबरोबर दोनदा गेले. बांधावर ती माझ्याशी बोलायची तेव्हा तिला एकही मथळा आठवत नसे. तिथे तिची भाषा भरभर चाले, मध्येच थांबून ती स्वतःचंच म्हणणं खोडायची, "नाही नाही मॅडम, तसं नाही, इकडं पाहा." मला वाटलं, सुटली पोरगी.

तोंडी परीक्षेला नागपूरहून बाहेरच्या परीक्षक आल्या. शांत, नीटनेटक्या बाई. नागपूरच्या प्रवेशासाठी या गुणांना फार वजन होतं, हे रोशनीला माहीत होतं आणि मलाही. परीक्षकबाईंनी वाळवलेला एक पोंगा चिमटीत धरला आणि अगदी सहज विचारलं, "ही गादमाशीच, हे तू कशावरून ओळखलंस?"

रोशनीनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"भात हे पूर्व विदर्भाच्या जनजीवनातील अनन्यसाधारण पीक आहे," ती म्हणाली. "आजच्या बदलत्या हवामानात..."

"ते राहू दे बाळा. तू शेतात काय पाहिलंस?"

"शेतात निरीक्षण करणे ही काळाची गरज आहे. निरीक्षणाचे महत्त्व पुढीलप्रमाणे."

बाईंनी आणखी एकदा विचारलं, वेगळ्या शब्दांत. रोशनीचा आवाज आणखी छापील झाला. घाबरलेलं माणूस ओळखीची वाट धरतं, आणि दोन वर्षं राबून सरांनी तिला एकच वाट ओळखीची करून दिली होती. गादमाशीच्या अभ्यासाचे फायदे सुरू झाले तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हळूच मला विचारलं, "प्रकल्प हिनंच केलाय ना?" मी सांगितलं, शपथेवर सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण त्यांनी ऐकलेल्यालाच गुण द्यायचे होते, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

बाहेर व्हरांड्यात रोशनी भिंतीला टेकून उभी होती. "मले सगळं येत होतं मॅडम. पण त्या मॅडमनं विचारलं अन् तोंडातून तेच निंघालं. मले थांबताच नाही आलं." इतका संताप मला आयुष्यात क्वचित आला आहे, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. तेवढ्यात कॉरिडॉरमधून बांते सर आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नर्व्हस होऊ नोको बाई. तुहा पाया पक्का हाये," ते म्हणाले, आणि खरोखरच्या मायेनं म्हणाले. मग ते घड्याळाकडे बघत पुढच्या तासाला गेले.

नागपूरच्या यादीत तिचं नाव लागलं नाही. वडिलांनी मार्क पाहिले आणि ठरवलं. पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला सभागृह भरलं होतं. बोलणाऱ्या प्रत्येक मुलानं प्रस्तावना केली, सरांचं महत्त्व सांगितलं, सरांचे फायदे सांगितले आणि समारोप केला. सर डोळे मिटून ऐकत होते. मध्ये मध्ये मान डुलत होती, ती आनंदानं की पेंगेनं, हे मला दुरून ओळखता आलं नाही. रोशनी आली नव्हती.

ती मला भेटली ती बाजारातल्या एका कृषी केंद्रात, पोळ्याच्या आधीच्या दिवसांत. मी कुंडीसाठी पालकाचं बी घ्यायला गेले होते. ती काउंटरमागे उभी होती, बियाण्याच्या पिशव्या रचत. शेतकरी येऊन दोन शब्द बोलत, ती दोन शब्दांत उत्तर देई, आणि तो जाई. मी तिचं बोलणं ऐकत राहिले. प्रस्तावना कुठेच नव्हती. गिऱ्हाईक रांगेत असलं की प्रस्तावनेला कुणी थांबत नाही, असं ती हसून म्हणाली. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. हे तिला इथे नव्हतं शिकायचं.

आम्ही बोलत होतो तोच बांते सर दुकानात शिरले. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली धानाची जुडी. पवनीकडच्या कोंढा गावी त्यांची वडिलोपार्जित जमीन होती. नोकरीत असताना ती ठेक्यानं दिलेली, आता निवृत्तीनंतर स्वतः करायला घेतलेली. मला पाहून ते खूश झाले, मग रोशनीला पाहून त्याहून खूश झाले.

"अवो बाई, तू इथं हाये का? मंग तं बरंच झालं." त्यांनी जुडी काउंटरवर सोडली. "पाह्य बरं. बांधीच्या बांधी अशी होऊन राहिली. पेंशनीतला पैसा टाकून धान लावलं अन् हे पाहा. कायचं हाये हे?"

प्रत्येक फुटव्यातून पांढरट पोंगा निघालेला. मी ओळखलं. रोशनीनं तर हातात घेण्याआधीच ओळखलं असणार. तरी तिनं एक पोंगा बोटांत धरून हळूच चिरला, आत बघितलं, आणि खाली ठेवला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"धान हे पूर्व विदर्भाच्या जनजीवनातील अनन्यसाधारण पीक आहे," ती म्हणाली. "आजच्या धकाधकीच्या जीवनात धानावर रोग पडणे ही एक गंभीर समस्या आहे. रोग ओळखण्याचे महत्त्व पुढीलप्रमाणे."

आवाज सरांचा, थांबण्याच्या जागा सरांच्या, पापणीही हलत नव्हती. मला वाटलं, आता सरांना कळेल. आता चेहरा उतरेल, आता ते जुडी उचलतील आणि खाली मान घालून विचारतील, बाई, मी तुम्हा पोरांचं हे काय केलं. सर मात्र एकेक बोट मिटत होते. महत्त्व झालं, फायदे झाले. "अशा प्रकारे," रोशनीनं समारोप केला, "धानाची काळजी घेणे ही काळाची गरज आहे."

सरांचे डोळे पाण्यानं भरले होते.

"पाह्यलं मॅडम?" ते मला म्हणाले. "तुमी मले बोलत होत्या. एवढे वर्षं झाले, पण पोरगी एक मथळा इसरली नाही." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जुडी काखेत मारली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले.

मी रोशनीकडे वळले. "अगं, सांगायचं तरी होतंस."

"सांगनारच होती जी," ती पिशव्या रचत म्हणाली. "'मंग करू काय?' एवढं जरी त्याईनं विचारलं असतं तं लगेच सांगतलं असतं. गाद हाये ती. ते पोंगे तं गेले, पण बाकीच्या बांध्या अजून वाचतीन. परत आले तं सांगीन." तिनं एकदा दाराकडे पाहिलं. मग पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बोला काका."

समोरच्या बसस्टॉपवर सर बाकावर बसले होते. जुडी शेजारी ठेवलेली. बाजूच्या अनोळखी माणसाला ते काहीतरी समजावून सांगत होते आणि एकेक बोट मिटत होते. तो माणूस मान डोलावत होता. पवनीकडे जाणारी बस आली. सर बोलत बोलतच तिच्यात चढले. बस गेली तेव्हा बाकावर धानाची जुडी तशीच होती.